गुटगुटीत बालक, प्रथम क्रमांक

सरोजबाईंच्या घरून कुणी अर्धपोटी उठलं, असं डोंबिवलीशेजारच्या कोपर गावातल्या त्या सोसायटीत कुणालाही आठवत नव्हतं. सिलिंडर आणून देणारा असो की मतदारयादी तपासायला आलेली शिक्षिका, चहाबरोबर काहीतरी समोर यायचंच आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटलीत दुप्पट पडायचं. माणूस 'पुरे' म्हणतो ते लाजून, असं बाईंचं ठाम मत होतं. त्या स्वतः मात्र काटकुळ्या. सगळ्यांची जेवणं उरकली की उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानं खायचं, ही पन्नास वर्षांची सवय.

त्यांच्या घरात एक स्टीलची वाटी होती. डोंबिवलीतल्या एका महिला मंडळानं ऐंशी साली लहान मुलांची स्पर्धा घेतली होती, तिचं ते बक्षीस. वाटीवर मशीननं नाव घातलेलं: 'मुकुल. गुटगुटीत बालक. प्रथम क्रमांक.' मुकुल तेव्हा अकरा महिन्यांचा होता आणि त्याच्या मनगटावर तीन-तीन वळ्या पडायच्या. तेव्हापासून घरातलं तूप त्याच वाटीतून वाढलं जाई. पुढं मुकुल इंजिनियर झाला, ठाण्याला कोपरीत फ्लॅट घेऊन राहिला, पण त्याच्या कुठल्याच पदवीचं कौतुक बाईंनी त्या वाटीइतकं केलं नाही.

मधली देवयानी. आणि तिच्यानंतर सात वर्षांनी सौमित्र, जन्मला तोच पावणेदोन किलोचा. पाच वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली आणि ती अशी चढली, की बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं. घरी नेलं आणि तो जगला. तो एकदा जाऊन परत आलेला आहे, असं बाई सगळ्यांना सांगत. मुकुलचा त्यांना अभिमान होता आणि सौमित्रची धास्ती. आईचं प्रेम दोन मुलांवर सारखंच असतं असं म्हणतात, ते म्हणणाऱ्यांना बहुधा एकच मूल असावं.

मुकुलच्या ऑफिसच्या तपासणीत आठ वर्षांपूर्वी 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं आलं होतं. त्यानं तो कागद हसत हसत आईकडे आणून दाखवला, कारण त्याच्या अर्ध्या ऑफिसचं तेच आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या दोघांचंही तेच. त्र्यंबकराव, म्हणजे मुकुलचे वडील, पेन्शनर माणूस, सगळ्या सोसायटीला तब्येतीचे सल्ले देणारे. तेही म्हणाले की असतं सगळ्यांनाच. जो आजार दर तिसऱ्या घरात आहे त्याला आपल्याकडे आजार म्हणत नाहीत, वय म्हणतात. त्या रविवारी बाईंनी श्रीखंड केलं होतं.

आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुकुलला रक्ताची उलटी झाली. ठाण्याच्या हॉस्पिटलात यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की चरबीनं सुजून सुजून ते पार निबर झालंय, औषधाच्या पलीकडे गेलंय, नवं बसवावं लागेल. नातेवाईक भेटायला येत, फळं ठेवत आणि जिन्यात गाठून हळूच विचारत, 'घ्यायचा का हो?' मुकुलनं आयुष्यात बियरसुद्धा चाखली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दारूची गरजच नसते. आपल्या या भागातल्या मोठ्या माणसांची तपासणी केली तर दहातल्या तिघाचौघांच्या यकृतात चरबी निघते, त्यातल्या बहुतेकांचं काही बिघडत नाही, म्हणून सगळेच निर्धास्त असतात. ज्याचं बिघडतं त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मेलेल्या माणसाचं यकृत मिळायची यादी लांबलचक होती. जवळच्या नात्यातल्या कुणी आपल्यातला तुकडा दिला तर मात्र तो लगेच बसवता येणार होता. म्हणून सगळ्या घराची तपासणी झाली. मुकुल धरून, जावयासकट मोठी माणसं सात. पाच जणांत चरबी. स्वच्छ निघाल्या दोघीच. एक मुकुलची बायको हेमांगी, तिचा रक्तगट जुळेना. दुसऱ्या सरोजबाई. त्यांचं यकृत पाहून तिथल्या मुलीनं विशीतल्या बाईचं वाटतंय म्हणून कौतुक केलं, पण वय एकाहत्तर, तेव्हा तेही बाद. दुसऱ्यांना वाढण्यात जन्म गेल्यामुळे बाईंचं यकृत तेवढं शाबूत राहिलं होतं, आणि त्याचा आता कुणालाही उपयोग नव्हता. देवयानीला चरबी होतीच, वर साखर. मुकुलची मुलगी रुचिता पंधरा वर्षांची.

उरला सौमित्र. वय पस्तीस, लग्न व्हायचं होतं, रक्तगट जुळत होता. फक्त यकृतात एकतीस टक्के चरबी होती. ती विसाच्या खाली आणा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन महिने कडक पथ्य आणि रोज चालणं, एवढ्यात उतरते, पुष्कळांची उतरलेली त्यांनी पाहिली होती. मुकुलला तेवढा वेळ त्या काढून देणार होत्या. त्यापुढची खात्री त्या देत नव्हत्या.

सौमित्र त्याच दिवशी पायात बूट घालून चालायला निघाला. पहाटे उठून रेतीबंदरच्या रस्त्यानं खाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. आल्यावर वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. ऑफिसात कुणाचा केक कापला गेला की हा गच्चीवर जाऊन उभा राही. त्याचं जेवण मी सांभाळते, असं सरोजबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि पथ्याचा छापील कागद फ्रिजला चिकटवला. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, बिनतेलाची भाजी, साय काढलेल्या दुधाचं ताक, सकाळी नाचणीचं सत्त्व, गोडीला फार तर दोन खारका. पहिले बारा दिवस बाईंनी तो कागद अक्षरशः पाळला. सौमित्रचं वजन चौऱ्याऐंशीचं ब्याऐंशीवर आलं.

तेराव्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी घरच्यांना बोलावलं. त्यांनी कागदावर चित्र काढलं आणि देणाऱ्याच्या यकृतातला निम्म्याहून जास्त भाग कसा कापून घेतात ते समजावलं. उरलेला भाग काही आठवड्यांत वाढतो, देणारा दोन-तीन महिन्यांत कामाला लागतो. कायद्यानं सांगावं लागतं म्हणून सांगतो, असं म्हणून ते पुढं म्हणाले की हजारात दोन-तीन देणारे दगावतात. हेमांगीनं ऐकलं की हजारातले नऊशे सत्त्याण्णव जगतात. सरोजबाईंनी ऐकलं की दोन-तीन दगावतात, आणि त्या दोन-तिघांना त्या ओळखत होत्या. त्यातला एक पाच वर्षांचा होता, पिवळा पडलेला, आणि त्याला बेचाळिसाव्या दिवशी घरी न्यायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचं पीठ मळताना बाईंनी परातीतल्या गरम पाण्यात मुकुलच्या वाटीतलं तूप सोडलं. एक चमचा. आजच्या दिवस, पोर किती वाळलंय, एवढंच त्या मनाशी म्हणाल्या. भाकरी मऊ झाली. सौमित्र म्हणाला, 'आई, तुझ्या हाताला काय चव आहे गं, नुस्ती भाकरी पण खावीशी वाटते.' दुसऱ्या दिवशी दोन चमचे पडले.

एकदा हात सैल सुटला की बाईंना तो आवरता येत नसे, आणि इथे तर वाढणं लपून होतं, म्हणजे नको म्हणायलाही समोर कुणी नव्हतं. ताक घट्ट दुधाच्या दह्याचं होऊ लागलं. भाजी बिनतेलाचीच दिसे, पण तिच्यात काजूचं वाटण जाई. नाचणीच्या सत्त्वाचा एक डबा त्यांनी वेगळा केला. त्यात दुधाची पावडर आणि पिठीसाखर मिसळली, वर कागदाची पट्टी चिकटवून सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'सौमित्र, पथ्य'. गोड लागतंय असं तो म्हणाला तेव्हा खारकेची पूड आहे म्हणून सांगितलं. आईच्या बोलण्यावर संशय घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

यात मुकुलचं काय, हा प्रश्न बाईंना पडत नव्हता असं नाही. रोज पडायचा. त्यावर त्यांनी एक उत्तर करून ठेवलं होतं: यादीत नाव आहे, मिळेल कुणा परक्याचं. संध्याकाळी समईपुढे बसून त्या तेच मागत, आणि आपण नेमकं काय मागतोय, कुणाच्या घरातलं माणूस जावं म्हणतोय, याचा विचार करत नसत. धाकट्याला कापू नये आणि थोरला वाचावा, एवढं साधं त्यांचं मागणं होतं. दोन्ही एकदम मिळणार नाही हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. त्यांनी ते कळून घेतलं नाही, इतकंच.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली. साडेआठ आठवड्यांत वजन एक्क्याऐंशी, चरबी एकोणतीस टक्के. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि सौमित्रला विचारलं, की बाहेरचं काही खाता का, खरं सांगा. तो नाही म्हणाला. त्या पुन्हा म्हणाल्या, खरं सांगा, इथं तुमच्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे. हा पस्तीस वर्षांचा माणूस तिथं खुर्चीत बसून रडायला लागला. आईची शपथ घेऊन सांगतो, म्हणाला. शेजारी बसलेल्या सरोजबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मुकुलच्या पोटात पाणी भरलं होतं आणि हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे. अख्ख्या शरीरात गुटगुटीत म्हणावं असं ते पोट तेवढं उरलं होतं. सौमित्र त्याच्या खाटेशी मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा मुकुलनंच त्याचा हात धरला.

'अरे, तू आईच्या हातचं खातोस. तुझं कसलं कमी होणार रे.'

गंमत म्हणून म्हणाला तो. बाई पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी पांघरूण सारखं केलं आणि ते आधीच सारखं होतं. मुकुलनं त्यांच्याकडे पाहिलं का, की नुसतीच नजर तिकडे गेली, हे बाईंना पुढं कधीच ठरवता आलं नाही. आणखी एकोणीस दिवसांनी तो गेला. यादीत त्याच्या पुढं अजून अकरा माणसं होती.

तेराव्याला जेवणं झाल्यावर देवयानीला राहवलं नाही. सगळे पाहुणे बसलेले असताना ती सौमित्रला म्हणाली, 'तुला द्यायचंच नव्हतं. सरळ सांगितलं असतंस तर आम्ही दुसरं काही पाहिलं असतं. चोरून खात बसलास आणि दादा तुझी वाट बघत गेला.' हेमांगी रुचिताला घेऊन आत गेली. आपण खाल्लं नाही हे सौमित्रलाही आता खरं वाटेनासं झालं होतं. कुठंतरी, कधीतरी आपण कमी पडलो, आपलं शरीरच हरामखोर, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलेलं होतं.

सरोजबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर पोरगा सुटला असता. पण मग या घरात त्यांच्या हातचं पुन्हा कुणी खाल्लं नसतं. त्यांनी आत जाऊन पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास भरले आणि एकेकाला नेऊन दिले.

त्यानंतर सौमित्र कोपरला राहिला नाही. वहिनीला आणि रुचिताला सोबत हवी म्हणून तो ठाण्याला, कोपरीच्या फ्लॅटवर गेला. खरं म्हणजे कॅलेंडरवरचे स्वतःच्या हातचे आकडे त्याला बघवत नव्हते. तिथं हेमांगी तिच्यापुरतं आणि रुचितापुरतं करी, तेच हा खाई, आणि पथ्याच्या त्या कागदाची झेरॉक्स यानं तिकडच्या फ्रिजला लावली. आता पथ्य करून कुणाला काही द्यायचं नव्हतं. दिवाळीच्या आधी हॉस्पिटलातून फोन आला. डॉक्टरीणबाई या पट्ट्यातल्या घराघरांत हा आजार किती पसरलाय याची नोंद ठेवत होत्या आणि जुन्या पेशंटांच्या घरच्या माणसांची पुन्हा तपासणी करत होत्या. सौमित्र जाऊन आला.

रविवारी तो रिपोर्ट घेऊन कोपरला आला. त्र्यंबकरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला: वजन त्र्याहत्तर, चरबी सात टक्के. पोराचं यकृत एकदम फर्स्ट क्लास, म्हणाले, आणि मग काय बोलून बसलो ते लक्षात येऊन रिपोर्टची घडी घालू लागले. सौमित्रनं सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हापेक्षा वेगळं काय केलंत. त्याला काही सांगता आलं नव्हतं. कागद तोच, चालणं तर कमीच झालेलं. एवढं बोलून तो पाणी प्यायला आत आला.

डबा फळीवरच होता. बाईंनी तो फेकून द्यायला हवा होता, पण अन्न टाकणं त्यांना या जन्मात जमलं नव्हतं. निम्मा डबा शिल्लक होता आणि लागेल कधीतरी म्हणून राहिला होता. सौमित्रनं पट्टीवरचं आपलं नाव वाचलं. झाकण उघडलं, बोट ओलं करून बुडवलं आणि जिभेला लावलं. मग पुन्हा एकदा लावलं. त्याची पाठ बाईंकडे होती.

'साखर आहे यात.'

बाई ओट्याला टेकल्या. नाही म्हणावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. 'तू एकदा जाऊन आलेला होतास रे,' त्या म्हणाल्या. 'दोघं गेले असते तर मी काय करणार होते?'

'भाकरीत पण?'

त्यांनी होकारार्थी मान हलवली. डबा अजून सौमित्रच्या हातात होता. तो ओरडेल, बापाला हाक मारेल, निघून जाईल, असं बाईंना वाटत होतं, आणि यातलं काहीतरी त्यानं लवकर करावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. त्यानं डबा जागेवर ठेवला. झाकण नीट बसलंय की नाही ते दाबून पाहिलं. मग बाहेर जाऊन टेबलाशी बसला आणि म्हणाला, 'आई, वाढ.'

त्या दिवशी पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी होती, मसालेभात होता. तो वाढलेलं सगळं जेवला आणि पुन्हा मागितलं. पुन्हा वाढलं, पुन्हा मागितलं. त्र्यंबकराव खूश झाले. किती महिन्यांनी पोरगं पोटभर जेवतंय, वाढ त्याला, हात आखडू नकोस, असं म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याही आला. मग मधल्या वारीही येऊ लागला आणि जानेवारीत सामान घेऊन परत राहायलाच आला. चालणं बंद झालं. फ्रिजवरचा जुना कागद त्यानं काढला नाही, आणि रोज त्याच्यासमोर उभा राहून ते सत्त्व दुधात कालवून पिऊ लागला. डबा संपला तेव्हा त्यानं तो आईपुढे ठेवला आणि भरून द्यायला सांगितलं. मागे होतं तसंच कर, म्हणाला. बापाला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं एकदाच बजावलं. बाकी तो आईशी गोड बोलायचा, तिच्या चवीचं कौतुक करायचा, सगळं पूर्वीसारखं. मार्चमध्ये काटा नव्वदवर गेला. तोही आकडा त्यानं कॅलेंडरवर लिहिला, मुकुल गेला त्या महिन्याचं पान न फाडता त्याच्याच खाली.

मुकुलच्या वर्षश्राद्धाला पुरणपोळ्या केल्या होत्या. हेमांगी आणि रुचिता जेवून गेल्या, त्र्यंबकराव आडवे झाले. सौमित्र तेवढा पानावर होता. त्याचा चेहरा सुजल्यासारखा झाला होता आणि श्वास जेवतानाही ऐकू येत होता. सहाव्या पोळीला सरोजबाईंचा हात हवेत थांबला. उभ्या आयुष्यात कुणालाही म्हणाल्या नव्हत्या ते त्या म्हणाल्या.

'पुरे रे आता. हात जोडते.'

सौमित्रनं मान वर केली. त्याला राग आल्यासारखं दिसत नव्हतं, उलट लहानपणी भूक लागली की बघायचा तसाच तो बघत होता. त्यानं ताटाच्या कडेची मुकुलची वाटी बोटानं पुढं सरकवली. ती रिकामी होती.

'यात तूप घाल,' तो म्हणाला. 'आणि पोळी वाढ.'

सरोजबाईंनी वाढली.